नाटकाआधीचे जेवण

मोठ्या शहरांत नाटकाला जाण्यापूर्वी लोक चांगला देखावा दिसेल अशा हॉटेलात जेवतात, असे ऐकतो. आमच्या झाडीपट्टीच्या खेड्यांत तसले हॉटेल नाही. पण नाटकाआधीचे जेवण मात्र आहे. दिवाळीनंतर मंडई, पुढे शंकरपट सुरू झाले की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात. दिवसा पट, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात. अंगणात पंगत बसते. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वरण आणि समोर चांदण्यात धानाचे पुंजणे! याहून चांगला देखावा कोणत्या हॉटेलात मिळेल?

२०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आम्हां सर्वांची मान ताठ झाली. पण एक गोष्ट मनाला टोचते. शेवटची पंगत उठल्यावर आई भांडी घासते, मग जेवते. ती मंडपात पोचते तेव्हा पहिला अंक संपलेला असतो. मागची कथा मी तिला कानात सांगतो. आजवर तिने एकाही नाटकाची सुरुवात पाहिलेली नाही.

मित्रहो, परीक्षेत आपण स्त्री-पुरुष समानतेवर पाने भरतो. यंदा पटाच्या रात्री वाढण्याचे व भांडी घासण्याचे काम मी आणि धाकटा भाऊ करणार आहोत. कोणी हसले तर हसोत. पडदा उघडताना आई पुढे बसलेली दिसली, तर कॉलेजात आल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.