गाडी कोण चालवत होते?

राष्ट्रीय लोकअदालतीचा शनिवार जवळ आला की मोबाइलवर संदेश येऊ लागतात. आपल्या वाहनावर अमुक रकमेचे ई-चलान थकीत आहे, लोकअदालतीत येऊन तडजोड करा, अन्यथा पुढील कारवाई होईल. मागच्या लोकअदालतीपूर्वीही हाच मजकूर होता. त्याच्या आधीही. कारवाई अजून पुढेच आहे.

चलानात गाडीचा क्रमांक असतो, चौकाचे नाव असते, तारीख, वेळ, रक्कम आणि फोटोही असतो. एक प्रश्न मात्र कुठेच नसतो. त्या वेळी गाडी कोण चालवत होते?

कॅमेऱ्याला ते कळत नाही, कळण्याची अपेक्षाही नाही. तो नंबरप्लेट वाचतो. हँडलवर बाप आहे की मुलगा, स्टिअरिंगवर मालक आहे की पगारी चालक, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. पण कायदा कॅमेऱ्याइतका भाबडा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचे कलम १३३ सांगते की गुन्ह्याचा आरोप असलेल्या चालकाचे नाव, पत्ता आणि लायसन्सची माहिती पोलिसांनी मागितली तर मालकाने द्यायलाच हवी. न दिल्यास कलम १८७ आहे आणि त्यात तुरुंगवासापर्यंतची तरतूद आहे. चौकात कॅमेरे लागण्याच्या कितीतरी आधी ही सोय करून ठेवलेली आहे. ती वापरायची तर पत्र पाठवावे लागेल, आलेले उत्तर कुणाला तरी वाचावे लागेल, उत्तर न आल्यास मागे लागावे लागेल. एसएमएसला यातले काहीच लागत नाही.

हेल्मेटचेच घ्या. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात विनाहेल्मेट चालवणाऱ्याला दोन शिक्षा ठेवल्या. हजार रुपये दंड, आणि तीन महिने लायसन्स बाळगायला अपात्र. पहिली शिक्षा गाडीच्या नावावर टाकून देता येते. दुसरी येत नाही, कारण लायसन्स गाडीला नसते. माणूसच माहीत नाही म्हटल्यावर ते कुणाचे काढून घेणार? मग पैसे तेवढे उरतात. ज्याला हजार रुपये म्हणजे एका संध्याकाळचे हॉटेलचे बिल, त्याला तीन महिने गाडीला हात लावता आला नसता तर काही तरी टोचले असते. नेमकी तीच शिक्षा गळून पडते. लोकअदालतीत घासाघीस होते ती उरलेल्या पैशांवर.

थकलेले चलान कोर्टात का जात नाही, याचेही उत्तर याच प्रश्नात आहे. आपण सगळे ज्याला दंड म्हणतो, तो कोर्टाने केलेला दंड नसतोच. पोलिसांकडे पैसे भरणे म्हणजे कलम २०० खालची तडजोड. गुन्हा मिटवायचा आणि खटला टाळायचा. पैसे भरले नाहीत तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे, त्यांनी आरोपीचे म्हणणे ऐकावे आणि मग दंड ठोठावावा, हा सरळ रस्ता. त्यासाठी आधी आरोपी लागतो. खटला एमएच-१२ वर भरता येत नाही. शिवाय ज्या गुन्ह्याला निव्वळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, आता नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. तीन वर्षांपूर्वीच्या अशा चलानाचे पैसे नाक्यावर अडवून मागणाऱ्या हवालदाराला ही मुदत कुणी सांगितलेली दिसत नाही. सांगितली असेल, तर ती वाहनचालकाला सांगायची नाही असे ठरलेले असावे.

एवढे खटले कोर्टांना झेपणार नाहीत, हे खरेच आहे. पण न झेपणारे खटले एका खात्यात साठवून दर तिमाहीला त्यांची आठवण करून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

परिणाम काय, तर चलान गाडीला चिकटून राहते. फेडले जाते ते गाडी विकायला काढल्यावर. जुन्या गाड्यांचा व्यापारी आधी चलाने तपासतो आणि तेवढी रक्कम भावातून वजा करतो. मुलाने तोडलेला सिग्नल असा वडिलांच्या व्यवहारात फिटतो. तोवर मुलगा दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या लायसन्सवर एक ओरखडाही नसतो.

ट्रकचे तेच. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानांविरुद्ध संप पुकारला. चूक चालकाची आणि भुर्दंड मालकाला, ही त्यांच्या धंद्यातली जुनी तक्रार. सरकारला तिचे उत्तर एका वाक्यात देता आले असते: चालकाचे नाव कळवा, चलान त्याच्यावर लावतो. नावे कळवायची झाली असती तर मालकांनाही चालकाचे लायसन्स, कामाचे तास, हजेरी यांची नोंद चोख ठेवावी लागली असती. म्हणजे हे वाक्य दोन्ही बाजूंना गैरसोयीचे. ते कुणी उच्चारलेच नाही.

शेजारच्या राज्यांनी तर थकबाकीवर उघड सूट दिली. तेलंगणाने २०२२ मध्ये दुचाकीस्वारांना ७५ टक्के माफ केले, कर्नाटकाने २०२३ मध्ये निम्मे. लोकांची झुंबड उडाली आणि तिजोरीत भर पडली. ज्याने पहिल्याच दिवशी पूर्ण रक्कम भरली तो मूर्ख ठरला. पण त्याच्याविषयीची हळहळ पुष्कळ जणांनी व्यक्त केली आहे. सूट घेणारा खरोखर सिग्नल तोडणाराच होता का, हे तिथेही कुणी विचारले नाही.

हा प्रश्न विचारला की काय होते, ते ब्रिटनमध्ये दिसते. तिथला रस्ते वाहतूक कायदाही १९८८ चाच. कॅमेऱ्यात गाडी सापडली की नोंदणीकृत मालकाला पत्र जाते आणि चालक कोण होता ते २८ दिवसांत कळवावे लागते. न कळवणे हा वेगळा गुन्हा, आणि त्याचे दंडगुण मालकाच्याच लायसन्सवर चढतात. ख्रिस ह्यून या राजकारण्याने २००३ मध्ये वेगमर्यादा मोडली आणि लायसन्स वाचवण्यासाठी ती चूक बायकोच्या नावावर घातली. पुढे तो मंत्री झाला. प्रकरण बाहेर आल्यावर मंत्रिपद गेले. २०१३ मध्ये त्याला आणि तोवर घटस्फोट झालेल्या त्या बाईंना प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. वेगासाठी नव्हे. गाडी कोण चालवत होते, याचे खोटे उत्तर दिल्याबद्दल.

आपल्याकडे हा प्रश्न विचारायला माणसे मरावी लागतात. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्यानंतर अपघाताचा दोष अल्पवयीन मुलाऐवजी स्वतःवर घ्यावा म्हणून घरच्या पगारी चालकावर दबाव आणल्याचा आरोप झाला. स्टिअरिंगवर कोण होते, यावरून सारा देश हमरीतुमरीवर आला. त्याच शहरातल्या रोजच्या चलानांना मात्र नुसता क्रमांक पुरतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड, ही तरतूद २०१९ पासून कायद्यात आहे. एसएमएसवर पैसे भरून मोकळ्या झालेल्या किती चलानांमागे असा मुलगा होता, हे कळायला मार्ग नाही. तो मार्ग आपणच बंद ठेवला आहे.

केंद्र सरकारच्या दोन नोंदवह्या आहेत. 'वाहन'मध्ये गाड्या, 'सारथी'मध्ये लायसन्सधारक. दोन्ही संगणकावर आहेत, एकाच मंत्रालयाच्या आहेत. कॅमेऱ्याच्या चलानाला पहिली पुरते, कारण पैसे पहिलीतून मिळतात. परिवहन आणि गृह विभागांना शिस्त हवी असेल, तर चलान भरण्याच्या पानावर रकमेच्या आधी चालकाच्या लायसन्स क्रमांकाचा रकाना असावा. तो भरल्याशिवाय पैसे स्वीकारू नयेत. रकाना रिकामा ठेवणाऱ्या मालकाला लोकअदालतीचे बोलावणे नको, कलम १३३ ची नोटीस जावी. नुसते पैसेच हवे असतील, तर सध्याची पद्धत ठीक चालली आहे.