सह्याद्रीचे सडे आणि सड्यांचे धनी

सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वर येथील लाव्हाथरांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला, आणि सातारा जिल्ह्याचे नाव पुनश्च एकवार जगाच्या दफ्तरी दाखल झाले. पुनश्च म्हणावयाचे ते अशासाठी की, पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कास, कोयना आणि चांदोली ही आपलीच स्थळे होती. तेव्हाचा मान वनश्रीचा होता, आताचा पाषाणाचा आहे. तो यथार्थ आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही. परंतु या मानाच्या पाठोपाठ भूपर्यटनाच्या ज्या तजविजी होऊ घातल्या आहेत, त्या ज्यांच्या गावांवरून जाणार आहेत त्यांना अगोदर विचारले जावे, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा हा कातळमय मुलूख घडला आणि झीज होऊन उरलेला त्याचा विस्तार आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. हे थर तळापासून माथ्यापर्यंत ओळीने पाहावयास मिळतात अशा मोजक्या स्थळांत पोलादपुराहून महाबळेश्वरास चढणारा आंबेनळी घाट अग्रगण्य होय. जगभरचे भूशास्त्रज्ञ या थरांना पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी आपल्याच गावांची नावे देतात आणि त्यांच्या समूहाला वाईचे नाव देतात. डायनासोरांचा जो निर्वंश झाला त्यात या ज्वालामुखींचा वाटा किती आणि मेक्सिकोत चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीचा किती, हा वाद गेली कित्येक दशके विद्वत्सभांतून चालला आहे. वाईच्या शाळेतील मुलाला हे ठाऊक नसावे, ही खेदाची गोष्ट आहे. आणि भूपर्यटनाने एवढे जरी साधले तरी मी त्याचे स्वागत करीन.

तथापि ज्या पाषाणाकडे परदेशस्थ अभ्यासक पृथ्वीचा पुराणवृत्तांत म्हणून पाहतो, तोच पठारावरच्या माणसाचे पाणी आहे. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरचा, जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पोटात घेतो, आणि खालच्या घट्ट थरापाशी अडलेले ते पाणी पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडून उन्हाळ्यापर्यंत वाड्यावस्त्यांना पुरते. वर एखादे विश्रामगृह उभे राहून त्याने खोल विंधनविहीर घेतली आणि सांडपाण्याचा खड्डा खणला, की त्याचे परिणाम खालच्या झऱ्यावर हंडा भरणाऱ्या बाईला भोगावे लागतात. महाबळेश्वरास दरसाल इतका प्रचंड पाऊस पडूनही आसपासच्या वस्त्यांना उन्हाळ्यात पाण्याची चणचण भासते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही भीती अतिरंजित वाटणार नाही.

शिवाय येथील रयतेला भूशास्त्राची ओळख माहितीफलकांवरून झालेली नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने घरेदारे आणि माणसे गिळली. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे डोंगर वस्तीवर कोसळले, आणि त्याच पावसाने आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी वाहून नेला. जो घाट जगाला दाखवावयाचा तोच जर इतका नाजूक असेल, तर मोठ्या गाड्यांच्या सोयीसाठी त्याची कडा आणखी तासण्यापूर्वी दहा वेळा विचार व्हावयास नको काय?

सरकारचे धोरणही एकमार्गी नाही. २००१ सालच्या जाहीरनाम्याने महाबळेश्वर-पाचगणी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्याच सह्याद्रीच्या माथ्यावर सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या चार तालुक्यांतील २३५ गावांसाठी नवीन महाबळेश्वर नावाचे गिरिस्थान वसविण्याचे काम राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले आणि पुढे त्यात आणखी गावांची भर पडली. पडवी वाढवावयाची तर परवान्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागणाऱ्या शेतकऱ्याने या दोन हुकुमांचा मेळ कसा घालावा? वारसा म्हणजे आपल्यावर बंदी आणि बाहेरच्याला मुभा, अशी समजूत त्याच्या मनात रुजली असेल तर तिचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

कासचा अनुभव या बाबतीत मोलाचा आहे. पर्यटकांची झुंबड उडाली तेव्हा पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले आणि गुरांची वाट अडली. गुरे चरली नाहीत तर गवत माजते आणि गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांसारखी इवली फुले त्यात गुदमरतात, हे गावकऱ्यांचे म्हणणे प्रारंभी कोणी फारसे मनावर घेतले नाही. अखेर कुंपण काढण्याची पाळी आली. उलटपक्षी कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांच्या वनव्यवस्थापन समितीकडे प्रवेशशुल्क आणि बंदोबस्त सोपविला गेला, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरली, तेव्हा तरुणांना गावातच रोजगार मिळाला. ही व्यवस्था निर्दोष नाही, सुटीच्या दिवशी मर्यादा किती पाळली जाते याविषयी तक्रारी होतच असतात; पण वाट हीच आहे.

सांगलीकरांनी हे प्रकरण साताऱ्याचे म्हणून सोडून देऊ नये. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना पोटात घेऊन सांगलीच्या घाटाला लागते; ऑगस्ट २०१९ मध्ये ती शहरात शिरली तेव्हा काय हाहाकार झाला, हे सांगावयास नको. माथ्यावरचा जांभा जितका काँक्रीटने झाकला जाईल तितके पावसाचे पाणी मुरण्याऐवजी धावत खाली येईल. शिवाय शिराळा तालुक्याच्या पश्चिमेस वारणेच्या खोऱ्यावरील झोळंबीसारखे सडे चांदोलीच्या उद्यानात आहेत आणि तेथून वाघांसाठी गावे उठविली गेली आहेत. ज्या भूमीतून माणसे उठविली, तेथे उद्या पर्यटकांसाठी वाटा आखल्या गेल्या, तर विस्थापितांना काय वाटेल याचा विचार मसुदा लिहिणाऱ्याने करावा.

संभाव्य यादीतील स्थळाचा सविस्तर प्रस्ताव अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे. म्हणजे बोलण्याची वेळ हीच आहे. युनेस्कोने २०१५ साली मान्य केलेल्या जागतिक भूउद्यानांच्या कार्यक्रमात स्थानिकांचा सहभाग ही अटच आहे. तोच दंडक आपण स्वेच्छेने येथे का स्वीकारू नये? प्रस्तावाचा मसुदा मराठीत प्रत्येक ग्रामसभेपुढे वाचला जावा. झऱ्यांची नोंद गावकऱ्यांना बरोबर घेऊन आधी व्हावी, आणि झऱ्याच्या माथ्यावर बांधकामास परवाना नसावा. शुल्काचा जमाखर्च चावडीवर लावला जावा, आणि आंबेनळीचे थर समजावून सांगण्याचे काम त्या घाटाखाली वाढलेल्या मुलामुलींना शिकवून त्यांच्याच हाती द्यावे. गुरांच्या वाटा नकाशात दाखविल्याखेरीज कोणत्याही पठारावर वाहनतळाची जागा मुक्रर करू नये, आणि एखाद्या ग्रामसभेने हरकत घेतली तर ती निकालात निघेपर्यंत त्या गावच्या हद्दीतील काम थांबावे.