केमोच्या फायलीत पक्षाघाताची सूचना हवी



आपल्या आरोग्य पुरवणीतील पक्षाघातावरचा लेख वाचला. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ही कारणे त्यात नीट मांडली आहेत. कर्करोगाचा मात्र उल्लेखही नाही, आणि तो आमच्या घराने भोगला आहे.

माझ्या थोरल्या दिरांना जठराचा कर्करोग होता, केमो सुरू होती. एका रात्री जेवताना त्यांना उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडेना, जीभही जड झाली. बीपी-शुगरचा त्रास कधीच नव्हता, त्यामुळे हा केमोचा अशक्तपणा असेल असेच सगळ्यांना वाटले. सकाळी एमआरआय काढला, तर मेंदूच्या दोन्ही बाजूंना रक्तपुरवठा तुटल्याचे डाग. रक्तात गुठळ्या होत असल्याची खूण देणारे डी-डायमर प्रचंड वाढलेले. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ केव्हाच टळली होती. रुग्णालयाच्या फायलीत ताप आला, उलट्या थांबेनात, तोंड आले तर काय करावे हे सारे छापलेले होते. रक्ताच्या गुठळीबद्दल एक ओळ नव्हती.

ही माहिती काही कालची नाही. कर्करुग्णांच्या शिरांत गुठळ्या होतात, हे पॅरिसच्या डॉ. आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्येच मांडले होते. पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी दिसली तेव्हा त्यांनी आपल्या आजाराचे निदान केले, आणि १८६७ मध्ये जठराच्या कर्करोगानेच ते गेले. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवणारे घटक सोडतात. स्वादुपिंड, जठर, फुफ्फुस, अंडाशय यांच्या कर्करोगात हा धोका अधिक. कधी हृदयाच्या झडपांवर गुठळ्या साचतात आणि तिथून सुटून मेंदूत जातात. सिस्प्लॅटिनसारखी केमोची काही औषधेही यात भर घालतात.

आधीच खचलेल्या रुग्णाला आणखी घाबरवू नये, असे काही डॉक्टर म्हणतात. मला ते पटत नाही. केस गळतील, जंतुसंसर्ग जिवावर बेतू शकेल, हे आम्हाला स्पष्ट सांगितलेच होते आणि आम्ही ते पचवले. प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येत नाही, हे खरे. पण मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळी घालून काढता येते, आणि कारण कळले की पुढच्या गुठळ्या टाळण्यासाठी हेपरिनसारख्या औषधाचा विचार होतो. वेळेवर पोहोचलेल्या रुग्णापुढे निदान पर्याय तरी असतात.

उलट दिशेनेही पाहायला हवे. पक्षाघाताचे नेहमीचे कारण सापडत नाही, वजन घटले आहे, मेंदूत अनेक ठिकाणी डाग आहेत, अशा रुग्णात दडलेल्या कर्करोगाचा शोध घ्यायलाच हवा.

राज्यातील सर्व कर्करोग विभागांना माझी कळकळीची विनंती आहे. केमोच्या फायलीत पहिल्याच पानावर, ठळक मराठीत एवढे छापा : तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा अचानक दिसेनासे झाले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच १०८ला फोन करा आणि कर्करोगाचे उपचार सुरू असल्याचे सांगा.

— एक वाचक, सातारा