नायकाचें मरण कोणाच्या हातीं?

एकच कथा दोन रूपांनीं लोकांपुढें आली, म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन पक्ष पडावेत यांत नवल तें काय? अमेरिकेंतील ‘ड्रॅगनलान्स’ या अद्भुत कथामालेसंबंधीं असेंच घडलें आहे. पक्ष कोणता खरा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु कथेवर सत्ता कोणाची, हा गंभीर प्रश्न त्याच्या पोटीं दडलेला आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत एक सूत्रधार प्रसंग वर्णन करतो. बाकीचे गडी एकेका पात्राची भूमिका घेऊन आपण काय करणार तें सांगतात, आणि पुष्कळदां यशापयश फांशांच्या दानावर ठरतें. या खेळासाठीं ट्रेसी व लॉरा हिकमन या दांपत्यानें क्रिन नांवाच्या जगाची कल्पना मांडली. १९८४ सालीं मार्गारेट वाइस व ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी निघाली, आणि त्याच कथानकावरील खेळाच्या पुस्तिकाही त्याच वर्षीं निघूं लागल्या.

वादाचें मूळ येथेंच आहे. कादंबरीचा शेवट ठरलेला. खेळाचा शेवट मात्र ठरलेला नसावा अशी गड्यांची अपेक्षा. पुस्तिकांत तर अशी सूचना होती कीं, एखादें मुख्य पात्र मेलेंच तर त्याचें शव कोणाला सांपडूं नये, म्हणजे पुढें तें जिवंत परत आणतां येईल! एक पक्ष म्हणतो, ‘हा खेळ नव्हे, रुळांवरून धांवणारी आगगाडी आहे.’ दुसरा म्हणतो, ‘आवडत्या वीरांच्या सहवासांत तीच कथा जगावयास मिळाली, हें भाग्य थोडें कां?’

आमचें मत एका उदाहरणानें सांगतों. १९८५ सालच्या दुसऱ्या कादंबरींत स्टर्म ब्राइटब्लेड हा योद्धा, आपल्या साथीदारांस अवधि मिळावा म्हणून, तटावर एकटा उभा राहून शत्रूस सामोरा जातो व मरण पत्करतो. वाचकाचें अंतःकरण हेलावतें, तें त्यानें तें मरण स्वतः निवडलें म्हणून. आतां खेळांत सूत्रधारानें गड्यास ‘पुस्तकांत तूं येथें मरतोस, म्हणून मर’ असें सांगितलें, तर देह पडेल, परंतु त्याग घडणार नाहीं. जेथें निवड नाहीं, तेथें पराक्रमही नाहीं. यास्तव खेळांत पहिल्या पक्षाचें म्हणणें आम्हांस ग्राह्य वाटतें.

परंतु त्याच न्यायानें कादंबरींत लेखकाची सत्ता मान्य केली पाहिजे. १९९५ सालच्या कादंबरीच्या अखेरीस देव क्रिन सोडून गेले व जुनी जादू लोपली. पुढील वर्षीं आलेल्या नव्या खेळांत फांशांऐवजीं पत्ते आले. जुने चाहते रुष्ट झाले; कित्येक नव्यांस मात्र तें निर्देव जगच प्रिय झालें. मग २००० ते २००२ या काळांत त्याच लेखकद्वयानें तीन कादंबऱ्या लिहून देव व जादू परत आणली, तेव्हां रुष्ट होण्याची पाळी या दुसऱ्यांवर आली! चाहत्यांच्या रागालोभावर लेखणी चालूं लागली, तर कथा कोणाचीच राहणार नाहीं.

व्यक्ति तितक्या प्रकृति हें खरेंच. तथापि, वाचकहो, पुस्तक हातीं असतां लेखकाचें शेवटपर्यंत ऐकावें. खेळावयास बसल्यावर मात्र स्वतःच्या बुद्धीनें पाऊल टाकावें. आणि एखाद्यास न आवडलेला भाग दुसऱ्याच्या जिव्हाळ्याचा असूं शकतो, हें वाद घालतांना विसरूं नये.