विश्लेषण : नवा सिंथेसायझर बाजारात आला… लगेच घ्यावा की थांबावे?

नवा सिंथेसायझर जाहीर झाला की दोन दिवसांत यूट्यूबवर त्याच्या व्हिडीओंचा पाऊस पडतो. हेडफोनमध्ये आवाज भव्य वाटतो आणि हप्त्यांचे गणित सुरू होते. मात्र त्यात ऐकू येतात ते बहुधा कंपनीनेच भरून दिलेले आवाज, त्यावर रिव्हर्बचा सढळ हात. रोज वाजवल्यावर वर्षभराने पट्ट्या आणि नॉब कसे राहतील, हे पहिल्या आठवड्यात कोणीच सांगू शकत नाही.

थांबल्याने फायदा होतो का?

बोलके उदाहरण १९७८ च्या ‘प्रोफेट-५’चे. एकाच वेळी पाच स्वर आणि तयार केलेला आवाज स्मृतीत साठवण्याची सोय, यामुळे या वाद्याने तेव्हा धमाल उडवली. पण पहिल्या आवृत्तीचे जेमतेम १८२ नग निघाले आणि ते भरवशाचे नव्हते. तिसऱ्या आवृत्तीत कंपनीने मूळ एसएसएम चिप काढून कर्टिस चिप बसवल्या आणि वाद्य स्थिरावले. म्हणजे थांबणारे जिंकले? तसेही नाही. जुन्या चिपचाच आवाज खरा, असे मानणारे वादक आजही आहेत. म्हणून तर २०२० मध्ये हे वाद्य पुन्हा आले, तेव्हा दोन्ही काळांचे फिल्टर एका बटणावर बदलता येतील अशी सोय दिली गेली.

मग आता अपडेट येतातच की!

येतात, आणि कधी भरभरून येतात. ‘आर्टुरिया’चा मायक्रोफ्रीक २०१९ मध्ये आला. २०२३ च्या मोफत अपडेटने त्यात नमुने वाजवण्याची सोय आली, जी विकत घेताना नव्हतीच. घाईने घेणाऱ्यांचे इथे काही बिघडले नाही. पण अपडेटने सॉफ्टवेअर सुधारते. ढिला नॉब, कमी पट्ट्या किंवा आउटपुटमधली घरघर सुधारत नाही. पहिल्या प्रकारची उणीव चालवून घेता येईल, दुसऱ्या प्रकारची नाही. आणि ‘पुढच्या अपडेटमध्ये देऊ’ या आश्वासनावर तर पैसे टाकूच नयेत. आज वाद्य जे करते, त्याचीच किंमत मोजावी.

नवी आवृत्ती म्हणजे सगळे जुने अधिक काही नवे, हाही समज फसवा आहे. ‘कॉर्ग’च्या २०१६ च्या मिनीलॉगनंतर २०१९ मध्ये ‘एक्सडी’ आला. डिजिटल ऑसिलेटर आणि जास्त इफेक्ट मिळाले, पण मूळ वाद्यातील फिल्टरचा अधिक तीव्र उतार निवडण्याची सोय गेली.

इथल्या वादकाने काय करावे?

परदेशातील किंमत पाहून हुरळू नये. वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी धरून इथला आकडा वेगळाच निघतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा. अधिकृत विक्रेता नसेल, तर वॉरंटीच्या काळातही एका पट्टीसाठी वाद्य परदेशी पाठवण्याची वेळ येऊ शकते. ज्याचे घर ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्यांवर चालते, त्याला हे परवडणारे नाही.

गणेशोत्सव-नवरात्रीच्या तोंडावर नवे वाद्य घेण्याचा मोह होतो, पण तीच सर्वांत वाईट वेळ. आवाज बसवायला आठवडे लागतात आणि मंचावर मेन्यू शोधत बसता येत नाही. हातातल्या वाद्यावर हंगाम काढावा, तोवर पहिल्या खेपेच्या तक्रारीही बाहेर येतात. हाती ठरलेले काम आहे आणि जुने वाद्य ते करूच शकत नाही, अशा वादकाने मात्र थांबू नये. सहा महिने बुडालेले काम हीसुद्धा किंमतच आहे.

दुकानात जाताना स्वतःचा हेडफोन न्यावा. सगळे इफेक्ट बंद करायला सांगावे, साधा आवाज लावून खर्जातला एकच स्वर दाबून ठेवावा आणि नॉब सावकाश फिरवावा. तयार आवाजांची यादी त्यानंतर ऐकली तरी चालेल.