प्लॉटच्या मागे धावण्याआधी पहाणी वाचा

चिंताकी, औराद, कमलनगर या पट्ट्यातल्या आमच्या जुन्या घरांत सध्या एकच खूळ शिरले आहे. पिढीजात चार एकर विकायचे आणि बिदरला किंवा कलबुर्गीला दोन प्लॉट घेऊन ठेवायचे. याला म्हणे गुंतवणूक म्हणतात! आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपली माणसे ज्या रीतीने या धंद्यात पाऊल टाकत आहेत, त्याला घरची मिळकत मोडणे म्हणतात. समाजाच्या बैठकीत हे कुणीतरी बोलायलाच हवे होते, आम्ही बोलतो.

आमची वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे गेली, म्हणून आधी हिशेब. समजा प्लॉट 12 लाखांचा आहे. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, शिवाय ऑगस्ट 2025 च्या अखेरीस दुप्पट होऊन 2 टक्के झालेले नोंदणी शुल्क. म्हणजे नव्वद हजारांच्या आसपास पहिल्याच दिवशी गेले. तेच 12 लाख ठेवीत 7 टक्क्यांनी पडून राहिले तर दहा वर्षांत जवळजवळ दामदुप्पट होतात. म्हणजे तुमचा प्लॉट दहा वर्षांनी 24 लाखांच्या वर विकला गेला तरच काही कमावले. आणि तो घेणार कोण? दलाल विमानतळ दाखवतो. बिदरचा विमानतळ 2020 साली प्रवाशांसाठी उघडला, मध्यंतरी उड्डाणे बंद पडली, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली. प्लॉटचा भाव मात्र एकदाही खाली उतरल्याचे दलालाच्या तोंडून कुणी ऐकले आहे काय?

दुसरी गोष्ट कागदांची. शेतजमीन बिनशेती झाल्याचा आदेश, नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला लेआउट, बोजा नसल्याचा दाखला, आणि क्षेत्र 500 चौरस मीटरच्या वर असेल तर रेराची नोंदणी. एवढे मागा, दलालाचा चेहरा लगेच बदलतो. त्याऐवजी आमच्या लोकांना मिळते काय, तर शंभराच्या स्टॅम्पवर इसारपावती आणि मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच सांगून ठेवले आहे. 'बी-खाता मिळेल, काळजी नको' असेही कानात सांगतात. अहो, त्या खात्याने कर भरता येतो, बेकायदा लेआउट कायदेशीर होत नाही. बँक ज्या प्लॉटवर कर्ज नाकारते, त्यावर रोख पैसे ओतणारे आम्ही पाहिले आहेत. आमच्या वकिलाने फुकटात दिलेला सल्ला त्यांना नको असतो! शिवाय जमिनीच्या व्यवहारात 20,000 आणि त्यावरची रक्कम रोखीने घेण्यास 2015 पासून बंदी आहे, तेवढाच दंड बसू शकतो. जमीन सरकारने अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल तर 1978 च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते. हे दलाल का सांगेल?

आता कडू बोलतो. हे सारे कागद कन्नडमध्ये असतात आणि आमच्यातले बरेच जण ते न वाचता सही करतात. 'आम्हाला कन्नड येत नाही' हे सभेत छाती काढून सांगायचे आणि नोंदणी कार्यालयात मान खाली घालून अंगठा उठवायचा, हा कसला स्वाभिमान? आजोबांची कागदे निजामाच्या काळात उर्दूत होती. त्यांनी मुन्शीकडून वाचून घेतल्याशिवाय एक गुंठा हलवला नाही. 1956 साली आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात घातले. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. खरेदीखत मात्र आज होते आहे.

सरकारलाही आम्ही सोडणार नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्य 15 टक्क्यांहून कमी नाहीत, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत निघावेत, हे मान्य झालेले तत्त्व आहे. घटनेच्या 350 व्या कलमाने अर्ज मराठीत देता येतो. किती जणांनी दिला?

2020 साली कर्नाटकाने शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेण्याची वाट मोकळी केली. बाहेरचा पैसा शेतीकडे वळतो आहे आणि आम्ही शेती विकून कुंपण नसलेल्या माळावर चार दगड विकत घेत आहोत. त्यातही बहिणींच्या सह्या न घेता विकणारे आहेत. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. ही भानगड पुढे कोर्टात निघणारच.

येत्या बैठकीत आम्ही ठराव मांडणार आहोत: संघटनेने औरादला आठवड्यातून एक दिवस कन्नड कागद वाचून मराठीत समजावणारा जाणकार बसवावा, आणि त्याचे मानधन वर्गणीतून द्यावे. विरोध करणाऱ्यांनी येताना आपापल्या शेताची पहाणी सोबत आणावी आणि सर्वांसमोर वाचून दाखवावी.