कचेरीची वेळ आणि लोकलचा दांडा

कर्मचाऱ्याने कचेरीत येऊन काम करावे की घरी बसून, ह्या वादाला अलीकडे शिस्त विरुद्ध आळस असे स्वरूप देण्यात येत आहे. मुंबईपुरते बोलावयाचे तर हा वाद मुळातच भलत्या जागी मांडला गेला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कचेरीत बसून माणूस किती काम करतो हा प्रश्न दुय्यम होय. तो कचेरीपर्यंत पोहोचतो कसा, हा पहिला.

९ जून २०२५ रोजी, सोमवारी सकाळी, मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल परस्परांजवळून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर कोसळले. त्यांपैकी चौघांना त्याच दिवशी मृत्यूने गाठले. त्यानंतर आपोआप मिटणाऱ्या दारांच्या गाड्यांची घोषणा झाली. ती स्वागतार्हच आहे. परंतु दार मिटले म्हणून दाराबाहेरची माणसे आत मावतात, असे थोडेच आहे? गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, हा रेल्वेचाच हिशेब आहे.

मार्च २०२० मध्ये ही उपनगरी वाहतूक थांबली आणि सर्वसामान्य प्रवाशांना ती १ फेब्रुवारी २०२१ पर्यंत खुली झाली नाही. झाली तीही ठराविक वेळांपुरतीच. त्या काळात बँका, विमा कंपन्या, संगणक कंपन्या ह्यांचे व्यवहार बुडाले काय? उलट, टाटा कन्सल्टन्सीसारख्या बलाढ्य कंपनीने २०२० मध्येच जाहीर केले की, २०२५ पर्यंत एका वेळी चतुर्थांश कर्मचारी कचेरीत असले तरी पुरे. त्याच कंपनीने १ ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस हजेरी मागितली. बदलापूर वा विरारहून फोर्टात येणाऱ्याचे रोजचे तीन तास जाण्यायेण्यात सहज मोडतात. ते ना पगारपत्रकात दिसतात, ना कंपनीच्या ताळेबंदात.

मालकवर्गाच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही, असे नव्हे. नवा उमेदवार अनुभवी सहकाऱ्याच्या शेजारी बसूनच धंदा शिकतो. शिवाय दीड खोलीच्या बिऱ्हाडात, एकीकडे कुकरची शिट्टी आणि दुसरीकडे मुलांचा अभ्यास, अशा स्थितीत कित्येकांना कचेरी हाच विसावा वाटतो. बायकांच्या वाट्याला तर घरून काम म्हणजे दोन्ही कामे एकाच वेळी, असे आले. तथापि हजेरी म्हणजे काम नव्हे, हे आम्ही शिक्षकी पेशात असतानाच शिकलो: हजेरीपटावर ‘उपस्थित’ असलेली निम्मी मुले खिडकीबाहेर असत.

ह्याच शहरातील शाळांनी जागेच्या टंचाईवर सकाळ-दुपार अशा दोन सत्रांचा तोडगा कित्येक वर्षांपूर्वी काढला. कचेऱ्यांना मात्र तो सुचत नाही. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून आपल्या मुंबईतील कचेऱ्यांच्या वेळा दोन भागांत विभागल्या आणि इतर शेकडो आस्थापनांना तशी विनंती केली. त्या विनंतीचे काय झाले, हे सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. निम्म्यांनी अकरानंतर यावे, काहींनी आठवड्यातून दोन दिवस घरून काम करावे, एका इमारतीतील कंपन्यांनी हे दिवस आपसांत वाटून घ्यावेत, ह्यासाठी ना नवा लोहमार्ग लागतो, ना केंद्राची मंजुरी. २०२० मध्ये ज्या कंपन्यांनी अवघ्या काही दिवसांत हजारोंना संगणकासह घरी धाडले, त्यांनीच प्रथम आपले नवे वेळापत्रक जाहीर करावे.